पुढील आदेश होईपर्यंत

ही गेली त्या दिवशी मला ते सांगायला दोन माणसं आली आणि दोघांनी दोन वेगळ्या वेळा सांगितल्या. हिच्या पाणीपुरवठा खात्यातला कारकून म्हणाला, "मॅडम सव्वादहाला पडल्या." त्याच्या मागोमाग पाच मिनिटांनी तिचे मोठे साहेब आले. ते म्हणाले, "अकराच्या पुढे झालं हे. आम्ही लगेच हॉस्पिटलात हलवलं, पण उपयोग झाला नाही." मी दारात उभा होतो, हातात भाजी चिरायची सुरी होती. अशा वेळी माणसाला रडू यायला हवं. मला आधी सुचलं ते हे, की या दोघांतला एक खोटं बोलतोय.

माझी नोकरी वजनमापं तपासायची होती. एकतीस वर्षं दुकानोदुकानी फिरून तराजू आणि मापं तपासली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण किंवा आतून पोकळ केलेलं वजन सापडायचं ते बहुतेक वेळा हसतमुख दुकानदाराकडे. त्यामुळे कुणी फार गोड बोललं की माझी नजर त्याच्या हाताकडे जाते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती खोड गेलेली नाही. ही म्हणायची, "अहो, पाहुणे आलेत, धाड घातलेली नाही. जरा तोंडाकडे बघून बोला."

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसेल. मी विचारलं, इथे किती वाजता आणलं? त्यांनी कागद बघून सांगितलं, अकरा चाळीस. तिचं उजवं कोपर खरचटलं होतं. बुटांना घोट्यापर्यंत ओला चिखल होता, आणि बाहेर रस्ते तर ठणठणीत कोरडे होते.

पिशवी मोठ्या साहेबांनी स्वतः आणून दिली. मी तिथेच बाकावर बसून ती उघडली. चष्म्याचं घर, न उघडलेला डबा, दोन पेन्सिली, फडक्यात गुंडाळलेलं पाण्याचा दाब मोजायचं गेज. वही नव्हती.

"वही?" मी विचारलं.

"कसली वही?" साहेब म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

हिच्याजवळ काळ्या पुठ्ठ्याची, रबर लावलेली वही नाही, असा दिवस मी लग्नानंतर पाहिला नव्हता. पानांना आकडे घातलेले असायचे, म्हणजे मधलं पान कुणी फाडलं तर कळावं. चर्चलासुद्धा वही बरोबर असायची. प्रवचन लांबलं की ही छपराच्या तुळया मोजत बसायची आणि पाळकांना वाटायचं, बाई टिपणं घेतात.

आमच्या शहराच्या उतारावर खालची वस्ती आहे. तिथली माणसं तीन पिढ्या तिथेच राहतात, तरी कागदावर अजून 'तात्पुरती' आहेत. शाळेत त्यांचा अर्ज वेगळा, दवाखान्यात रांग वेगळी. हिने हक्क समितीचं काम तिशीच्या आत धरलं ते सुटलं नाही. एकदा मोर्च्यात पोलिसांनी बाकीच्यांबरोबर हिलाही चौकीत नेऊन बसवलं. फौजदाराने विचारलं, नोकरी कुठे? ही म्हणाली, "तुमच्या चौकीच्या टाकीत जे पाणी येतं ते मीच सोडते." त्याने चहा मागवला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सोडलं.

चर्चच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्चीतल्या एका आजींना दर रविवारी चौघे जण उचलून आत न्यायचे आणि सगळ्यांना ते फार प्रेमाचं वाटायचं. हिने चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळाच्या बैठकीत सांगितलं, "त्यांना कुणी उचलायला नकोय, त्यांना आत यायचंय." मग स्वतः मापं घेऊन उतार बांधून घेतला, गवंड्याने घाई केली तेव्हा अर्धा तोडून परत बांधायला लावला. गळा मात्र अगदी बेसूर. गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेत उभी राहायची आणि समोरच्या बाईच्या कानात सूर सोडायची. घरी आली की पहिल्यांदा माझ्या औषधांच्या गोळ्या मोजायची. एक जास्त निघाली तर मुलीला फोन जायचा, "तुझे बाबा पुन्हा चुकले."

खालच्या वस्तीला नळ मिळवून दिले ते हिनेच. पण गेली काही वर्षं तिथे पाणी करंगळीएवढं येत होतं. खातं म्हणे, पाणी नियमाप्रमाणे सोडतो. समिती कोर्टात गेली. दोन वर्षं ही दर रविवारी उपासना झाली की तिथल्या नळांवर गेज लावून दाब मोजायची आणि वहीत लिहायची. स्वतःच्या खात्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहणार होती. तारीख महिन्यावर आली होती. आणि ही वस्तीतच, पाण्याच्या व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी पडली. वही नाही. मग मी काय समजायचं?

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मोठे साहेब घरी आले. फळांची करंडी आणली होती.

"मॅडमसारखी माणसं आता होत नाहीत," ते म्हणाले. "नव्या टाकीला त्यांचं नाव द्यायचा प्रस्ताव मी ठेवतोय."

"बरं," मी म्हणालो.

"आणि ती वही... घरात कुठे सापडली तर कळवा. तशी ती खात्याची मालमत्ता आहे."

"त्या दिवशी तुम्ही 'कसली वही' म्हणाला होतात."

साहेबांनी चष्मा पुसला. "त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?"

ते गेल्यावर मुलगी आतून बाहेर आली. ती दुसऱ्या शहरात शिकवते, आठ दिवसांची रजा काढून आली होती. मी करंडीतलं एकेक फळ काढून तळाशी काही आहे का ते बघत होतो.

"बाबा, सफरचंदांची उलटतपासणी?"

"वही मागायला आला होता."

"सगळेच मागतायत. समितीच्या वकीलबाईंचा दोनदा फोन आला. सकाळी पाळकही विचारत होते."

"पाळक? त्यांना कशाला वही?"

"आता पाळकांच्या झग्याचे खिसे तपासणार का तुम्ही?" ती हसली आणि हसता हसता तोंड फिरवून आत गेली.

पण मला ते लागून राहिलं. साहेबाला वही कशाला हवी ते कळत होतं. वकीलबाईंना कशाला हेही कळत होतं. पाळकांचं पाण्याच्या दाबाशी काय काम? आणि दफनाच्या वेळी माझा हात धरून ते म्हणाले होते, "तिने तुम्हाला काही सांगितलं होतं का?" मी म्हणालो, कशाबद्दल? तर म्हणाले, "नाही, सहज." सहज विचारणाऱ्या माणसाचा हात एवढा घामेजत नाही.

चौथा माणूस रस्त्यापलीकडे उभा राहायचा. मळकी निळी टोपी, खांद्यावर टी-च्या आकाराची लांब लोखंडी दांडी. व्हॉल्व्ह उघडायची चावी ती. चावीवाला म्हणजे ठरलेल्या वेळी रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढून त्या त्या भागाचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. आमच्या भागाचा चावीवाला मला माहीत होता, हा तो नव्हता. तीन दिवस सकाळी येऊन उभा राहायचा, मी खिडकीत आलो की चालू लागायचा. एवढ्या वजनाची लोखंडी दांडी, हिचं खरचटलेलं कोपर. माझ्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको.

दफनानंतर पाचव्या दिवशी मी मागच्या दाराने निघालो आणि वळसा घालून त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो.

"काय काम आहे?"

तो दचकला. माझ्याच वयाचा असेल. टोपी काढून छातीशी धरली. "साहेब, मी खालच्या वस्तीचा चावीवाला."

"माझ्या बायकोबरोबर तू होतास त्या दिवशी."

"होतो."

"ती कशी पडली?"

"उभ्या राहिल्या आणि पडल्या. मी हात दिला साहेब, पण माझा हात चिखलाने माखलेला, निसटला. कोपर कठड्याला लागलं त्यांचं." त्याने स्वतःचं कोपर दाखवलं, जसं काही मला कळलं नसतं.

"किती वाजता?"

"सव्वादहा."

"मग मोठे साहेब अकरा का म्हणतात?"

"ते दहा मिनिटांत गाडी घेऊन आले. कारकुनाने फोन केला होता त्यांना. आले ते आधी मॅडमची पिशवी उघडली. मला म्हणाले, वही कुठे आहे? मी म्हणालो, साहेब आधी हॉस्पिटल. तर चेंबरमध्ये उतरून बघायला लावलं मला. तासभर गेला त्यात. त्या आधीच गेल्या होत्या साहेब. मी नाडी बघितली होती. पण तास तो तासच."

मी विचारलं, "वही होती का चेंबरमध्ये?"

"नाही साहेब. मॅडम पडल्या तशी मीच उचलून ठेवली होती." त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सदऱ्याच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. काळा पुठ्ठा, रबर. मी ती हिसकावूनच घेतली.

"आणि तीन दिवस नुसता उभा राहिलास?"

"मॅडमनी सांगितलं होतं, घरी अजून बोलले नाही, मी स्वतः सांगणार आहे. त्या गेल्यावर आता कुणी सांगायचं तेच कळेना. रोज यायचो नि परत जायचो."

आम्ही बसथांब्याच्या बाकावर बसलो. मी वहीचे आकडे तपासले. एकही पान गेलेलं नव्हतं. शेवटचं लिहिलेलं पान त्याच दिवसाचं होतं. तिचं ते सरळ, बारीक अक्षर. 'खालची वस्ती, मुख्य व्हॉल्व्ह. पूर्ण उघडायला बेचाळीस फेरे. प्रत्यक्षात उघडलेले फेरे अकरा. माझ्यासमोर मोजले.' खाली तिची सही, शेजारी चावीवाल्याची वाकडी सही.

"अकरा," मी म्हणालो. "म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. आणि हे तू करत होतास? रोज?"

"रोज साहेब. नऊ वर्षं."

"कुणाच्या सांगण्यावरून?" मला वाटलं, सापडला. आता मोठ्या साहेबाचं नाव येणार.

त्याने टोपीच्या अस्तरातून एक चौकोन काढला. प्लास्टिकमध्ये बंद केलेली, घडीवर फाटलेली चिठ्ठी. खात्याचा शिक्का. 'खालच्या वस्तीची जुनी नळवाहिनी पूर्ण दाबाने फुटत असल्याने, नवीन वाहिनी पडून पुढील आदेश होईपर्यंत व्हॉल्व्ह अकरा फेरेच उघडावा.' खाली सही. तीच सही असलेल्या आमच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकांची चळत कपाटात आहे. ओळखायला मला चष्मा लागला नाही.

नऊ वर्षांपूर्वी तो भाग हिच्याकडे होता. चिठ्ठी दिल्यावर दोन महिन्यांत हिची बढती झाली आणि ही शुद्धीकरण केंद्रावर गेली. वर्षभराने बांधकाम विभागाने नवीन वाहिनी टाकली. त्यांनी पाणी विभागाला कळवलं नाही, पाणी विभागाने विचारलं नाही. पुढील आदेश कुणी काढलाच नाही. हा रोज अकरा फेरे मोजत राहिला आणि तक्त्यावर 'आदेशाप्रमाणे' लिहीत राहिला. कचेरीत बसलेल्यांनी त्याचा अर्थ 'पूर्ण' असा लावला आणि कोर्टाला तेच सांगितलं.

"तू वाढवायचे ना फेरे!"

"चिठ्ठीशिवाय? एक फेरा जास्त झाला नि वरच्या पेठेतल्या एखाद्या बंगल्याचं पाणी कमी झालं, की माझी नोकरी संपली." मग म्हणाला, "आता तशीही संपलीच. नोटीस आली आहे. मी माझ्या मनाने व्हॉल्व्ह कमी ठेवला असं लिहिलंय त्यात. मॅडम म्हणाल्या होत्या, कोर्टात मी सांगेन, ही सही माझी."

मला एक प्रश्न विचारायचा नव्हता. पण आयुष्यभर न आवडणारे प्रश्न विचारूनच पगार घेतला होता. "तू तिला कधी आठवण दिली होतीस का? त्या वेळी?"

तो टोपीकडे बघत बसला.

"बोल."

"एकदा. नवीन पाइप पडल्यावर. केंद्रावर भेटायला गेलो होतो. त्या कामात होत्या. म्हणाल्या, बघते."

बघते. घरात मी दिवसातून चार वेळा ऐकायचो तो शब्द. बल्ब गेला, बघते. मुलीचा फोन आला होता, बघते. आणि बघायचीही. हे तेवढं बघायचं राहिलं, आणि पुढे दोन वर्षं गेज घेऊन ही दारोदार चोर शोधत फिरली.

चिठ्ठी त्याने माझ्याकडेच ठेवायला दिली. मी तिथून सरळ चर्चमध्ये गेलो. पाळक खुर्च्या लावत होते. मी वही आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "तीन आठवडे. खात्यातलं जुनं रजिस्टर चाळताना चिठ्ठीची नक्कल तिच्या हाती लागली. त्याच दिवशी इथे आली. मोठ्या साहेबांना लिहून दिलं होतं तिने, की चूक माझी आहे, व्हॉल्व्ह आजच्या आज पूर्ण उघडा. ते म्हणाले, प्रकरण कोर्टात आहे, निकालापर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"तिला रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं होतं. खालच्या वस्तीतली माणसंही येतात उपासनेला, त्यांच्यासमोर. मी म्हणालो, थांब, आधी घरी सांग." पाळक माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी भ्यालो, भाऊ. मला वाटलं, मंडळीत फूट पडेल. तिला थांबवणारा मी. तुम्हाला कुणावर संशय घ्यायचा असेल तर माझ्यावर घ्या."

"घेतलाच होता," मी म्हणालो. "पण मला का नाही सांगितलं तिने? छत्तीस वर्षं एका घरात राहतोय. तुम्हाला सांगते आणि मला नाही?"

"विचारलं होतं मी. ती म्हणाली, शहरातल्या प्रत्येक दुकानदाराचं वजन त्यांनी तपासलं, माझं कधी तपासलं नाही. आणखी चार दिवस तसंच राहू दे."

मी एका खुर्चीवर बसलो. पाळक दुसरीवर बसले. त्यांनी प्रार्थना केली नाही याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग मी उठलो आणि उरलेल्या खुर्च्या लावायला त्यांना मदत केली.

घरी गेलो तर मुलगी टेबलाशी बसून समितीच्या सभेसाठी आईबद्दल लिहीत होती. 'जिने कधी कुणाचं पाणी अडू दिलं नाही,' असं पहिलं वाक्य होतं. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरं आहे ना?"

मी म्हणालो, "अक्षर आईसारखं आहे तुझं."

"बाबा, अक्षराचं नाही विचारलं."

मी आत जाऊन पाणी प्यालो. नळ जोरात येतो आमच्याकडे, पेला लगेच भरतो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. टाकीच्या नावाचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मंजूर होईल म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला माहीत आहे तुम्हाला काय सापडलंय. जाळा म्हणत नाही मी. नुसतं कपाटात राहू द्या. चावीवाल्याचं वय झालंच आहे, त्याला आम्ही सांभाळून घेऊ. मॅडमचं नाव तरी नीट राहील. त्यांच्यासाठी म्हणून सांगतोय."

खरं सांगतो, मी दोन दिवस वही कपाटात ठेवली. तिच्या साड्यांखाली. नाव तिचं होतं, आणि तिच्याकडचं मला उरलेलं तेवढंच होतं. टाकीवरची पाटीही डोळ्यांसमोर आली, मोठ्या अक्षरांत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने खिडकीत गेलो. रस्त्यापलीकडे कुणी नव्हतं. चावीवाल्याला कामावरून काढलं होतं, चावीही जमा करून घेतली होती.

मी वही आणि चिठ्ठी घेऊन समितीच्या कचेरीत गेलो. एका जिन्याखालची खोली ती, दोन टेबलं, फायलींचा ढीग. वकीलबाई तिशीतल्या असतील. त्यांच्या शिक्षणाचे अर्ज हिनेच भरले होते. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. मग माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

"काका, तुम्ही हे घरी घेऊन गेलात तर मी पाहिलंच नाही असं समजेन."

"वकील आहात ना? असं कसं पाहिलं नाही?"

"मॅडमचं नाव येईल. पेपरात येईल. आमच्याच वस्तीतली माणसं वाटेल ते बोलतील."

"बोलू देत. नऊ वर्षं त्यांनी पाणी वाहिलंय. सही तिची आहे, ती दुसऱ्या कुणाच्या नावावर नको जायला. चावीवाल्याच्या तर नकोच."

त्यांनी चिठ्ठी सरळ करून टेबलावर ठेवली. "आमचा दावा यानेही बुडत नाही, काका. चूक एका चिठ्ठीची, मान्य. पण वरच्या पेठेत हीच चिठ्ठी निघाली असती तर नऊ दिवस टिकली असती का? आमच्या तेवीस तक्रारी कुणी उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत. तेच तर कोर्टाला सांगायचंय." मग म्हणाल्या, "फक्त अक्षर आणि सही तिचीच आहे, हे शपथेवर कुणीतरी सांगावं लागेल."

"मी सांगेन."

"उलटतपासणी होईल तुमची. खात्याचा वकील विचारेल, तुमच्या पत्नीला आठवण देऊनही त्यांनी दुर्लक्ष केलं का?"

"मग हो म्हणेन."

त्यांनी मला वहीची पावती लिहून दिली. मी ती नीट वाचली, पानांची संख्या बरोबर आहे का पाहिली आणि खिशात ठेवली.

पाळकांनी पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. खालच्या वस्तीतल्या काही बायका उठून निघून गेल्या. एक म्हातारी माझ्याजवळ आली, माझा हात जोरात दाबून गेली. तो हात रागाने दाबला की मायेने, ते मला कळलं नाही. टाकीच्या नावाचा विषय बैठकीच्या यादीतून गेला आहे, असं कारकुनाने कळवलं.

मुलीला मी त्या रविवारच्या आधीच, तिची रजा संपल्यावर स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा सांगितलं होतं. सांगायला उशीर केला, गाडी यायला दहाच मिनिटं होती. ती गाडीत चढेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पोचल्याचा फोन नेहमी करते, या वेळी केला नाही. तिचं सभेसाठी लिहिलेलं पान टेबलावर तसंच आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

माझ्या साक्षीची तारीख दोनदा पुढे गेली आहे. चावीवाला अजून घरी बसून आहे. त्याच्या जागी आलेला नवा माणूस रोज सकाळी खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह अकरा फेरेच उघडतो.